दृष्टिपटलाचा विषाणुरोग आणि वेळेचे मोल



नागीण आपणां सर्वांस परिचित आहे. कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचे विषाणू मज्जातंतूंत वर्षानुवर्षे सुप्त राहतात व पुढे नागीण उठवितात. क्वचित् तेच विषाणू डोळ्याच्या आतील पडद्यास, म्हणजे दृष्टिपटलास, ग्रासतात. या रोगाचे वर्णन जपानी वैद्यांनी १९७१ साली प्रथम केले. डोळा लाल होतो, दृष्टी धूसर होते, नजरेपुढे काळे ठिपके तरंगतात.

यावर असायक्लोव्हिर हे औषध प्रथम शिरेतून व नंतर गोळ्यांच्या रूपाने काही आठवडे देतात. ते विषाणूंची वाढ रोखते व दुसरा डोळा वाचविण्यासही साह्य करते. परंतु पडद्याचा जो भाग मृत झाला, तो पुन्हा सजीव होत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच की, 'रोवणी आटोपू द्या, मग पाहू,' असे कोणी म्हणू नये. नागिणीवरील लेप कातडीवरच राहतो. दृष्टिपटलापर्यंत तो पोहोचत नाही. त्याच दिवशी भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय गाठावे. तेथून सांगतील तर नागपुरास जावे. वृद्ध माणसे 'आता वयच झाले' म्हणून गप्प बसतात. मुलासुनांनी त्यांना आपण होऊन विचारावे. गाडीभाड्याची अडचण असेल तेथे शेजारच्या ज्ञातिबांधवाने हात द्यावा. ज्ञातिसंस्थेचे खरे कार्य हेच, असे आम्ही मानतो.