किडूकमिडूकाचं अंतराळयान

आज एका खेळाविषयी बोलणार आहे. त्याच्या सोंगट्या आमच्या वसमतच्या बाजारात मिळत नाहीत. इंग्लंड-अमेरिकेत चांगली मोठी माणसं टेबलावर काळं कापड अंथरतात, त्यावर बोटभर लांबीची अंतराळयानं मांडतात आणि फासे व मोजपट्टी घेऊन अंतराळातल्या लढाया खेळतात. यानं विकत मिळतात, पण महाग. आणि खऱ्या हौशी माणसाला अभिमान असतो तो विकतच्या यानाचा नव्हे, घरातल्या टाकाऊ वस्तूंतून स्वतः जुळवलेल्या यानाचा. 'वॉरहॅमर ४०,०००' हा प्रसिद्ध खेळ १९८७ साली निघाला. त्या सुमारास त्याच कंपनीच्या मासिकानं दुर्गंधीनाशकाच्या रिकाम्या डबीचा उडता रणगाडा कसा करायचा, याची कृती छापली होती. आज त्यांचेच साचेबंद संच घ्यायचे तर खिशाला चांगलीच झळ बसते.

सिनेमावाल्यांनीही हेच केलं. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधली यानं बनवणाऱ्या कारागिरांनी दुकानातले रणगाड्यांचे, विमानांचे, जहाजांचे खेळण्यातले संच आणले, फोडले आणि त्यांचे तुकडे यानांवर चिकटवले. त्या बारीक तुकड्यांना ते 'ग्रीबली' म्हणत. आमची मुलं त्याला किडूकमिडूक म्हणतात. मला हाच शब्द जास्त आवडतो.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की काही मुलं-मुली मागं थांबतात आणि आमचा कारखाना सुरू होतो. यात मी काही फार नवं करतो असं नाही. अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगपेटीच्या काड्या जोडून केलेल्या रचना शिक्षकांच्या एका पिढीला पाठ आहेत. २००३ ते २०१४ या काळात पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रातून त्यांनी कचऱ्यातून खेळण्यांचा डोंगर उभा केला. आमच्याकडं फक्त कचरा वेगळा आहे. शेतकऱ्याच्या घरातला आहे. ठिबकचे ड्रिपर, जॉइनर, एंड कॅप! ड्रिपर उलटा धरला की इंजिनाचं नरसाळं तयार. टूथपेस्टचं टोपण, रिफिल संपलेला पेन, बिघडलेल्या रेडिओतली ॲल्युमिनियमची पाती, गॅस लायटरचा दांडा, कंगव्याचे दात. कंगव्याच्या दातांची ओळ यानाच्या कुशीला लावली की यान एकदम अवाढव्य दिसायला लागतं.

ते का दिसतं, यावर आम्ही एक अख्खा शनिवार घालवला. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाचा प्रकल्प उभा राहायचा आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्याला केंद्राची अंतिम मंजुरी मिळाली. त्याच्या दोन भुजा चार-चार किलोमीटर लांब असणार, हे मुलांना पाठ आहे. म्हणून एकीनं जाहीर केलं, माझं यान चार किलोमीटरचं. ते होतं दहा सेंटिमीटरचं. म्हणजे प्रमाण एकास चाळीस हजार. मग फळ्यावर गणित मांडलं. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका दिला तर ती खिडकी वीस मीटर उंच होते, आणि यानातला माणूस केसाच्या जाडीपेक्षाही बारीक होतो. तिनं मोठ्या हौसेनं काढलेल्या खिडक्या पुसल्या आणि टाचणीनं टोचे मारायला घेतले. प्रमाणाचं गणित पुस्तकातून इतकं कधी उतरलं नव्हतं.

चिकटवण्याचं शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण बहुतेकांचा खेळ इथंच मोडतो. वस्तूचा भरीव तुकडा पाण्यात टाकून बघावा. बुडाला, उदाहरणार्थ पारदर्शक पेनच्या नळीचा, तर फेविक्विक बहुधा धरतं. तरंगला, जसा बाटलीच्या टोपणाचा, तर ते पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन; त्याला गोंद नीट धरत नाही. तिथं भोक पाडून तार ओवावी नाहीतर बारीक स्क्रू मारावा. ठिबकचे जॉइनर एकमेकांत दाबून बसायलाच बनवलेले असतात, त्यामुळं आमच्या मुलांचं निम्मं काम आयतंच होतं.

आता ज्या गोष्टीसाठी आज मी इथं बोलायला आलो, ती सांगतो. सातवीतला एक मुलगा एकदा चंदेरी बाटली घेऊन आला. खांद्याला निमुळती, वर खाचांचं टोपण. रंग द्यायचीही गरज नव्हती, नुसतं यानच. गोठ्याच्या वळचणीला पडली होती म्हणाला. ती कीटकनाशकाची होती. शेतकऱ्याच्या घरातल्या अडगळीत सगळ्यात देखणी वस्तू हीच असते. चकचकीत, रंगीत, पक्क्या झाकणाची. यान करायला निघालेल्या मुलाची नजर आधी तिच्यावरच जाणार.

बाटली बाजूला ठेवून आधी सगळ्यांचे हात साबणानं धुतले. मग तिला हात न लावता लेबल वाचायला बसलो. त्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा मध्यम, हिरवा त्याहून कमी. हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ नाही, हे मी दोनदा सांगितलं. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या फवारणीच्या हंगामात विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले, हे मुलांनी घरी ऐकलेलं होतं. पण रिकाम्या बाटलीतही तेच विष उरतं, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

घरी जाऊन असे चौकोन नुसते बघून या, हात लावू नका, असं सांगितलं. सोमवारी तो मुलगा आला आणि हळूच म्हणाला, "सर, आमच्या घरी तसल्याच दुसऱ्या बाटलीत देवाच्या दिव्याचं तेल हाय." त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्याच्या आजीनं ती बाटली तीन-चार वर्षं वापरली होती. धुतली होती, अगदी राख लावून. बाटली चांगली होती, टाकायची कशी, हा तिचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. काटकसर हा आपल्याकडं दोष नाहीच. पण कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांत स्पष्ट आहे की रिकामी वेष्टनं पुन्हा वापरली जातील अशी उघड्यावर ठेवायची नाहीत, ती मोडून वस्तीपासून दूर पुरायची. त्याआधी बाटली तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओतायचं. मोडणं महत्त्वाचं, कारण धड बाटली दिसली की तिच्यात काहीतरी भरलं जातंच. आमच्या कारखान्याचा पहिला नियम तेव्हापासून हाच आहे. फवारणीच्या पंपाचे नोझल, सलाईनची नळी, फुटके सीएफएल दिवे यांनाही बंदी. त्या मुलानं मग ठिबकच्या तुकड्यांचं यान केलं. चंदेरी नव्हतं, पण उडवायला उत्तम.

उडवायचे नियम आम्ही १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये निघालेल्या 'फुल थ्रस्ट' या खेळावरून सोपे करून घेतले. अंतराळात ब्रेक नसतो. गेल्या डावात यान आठ बोटं गेलं असेल तर याही डावात आठ बोटं जाणारच. इंजिनाच्या जोरावर त्यात दोनाची भर घाला नाहीतर घट करा. वळायचं ते घड्याळाच्या काट्यासारखं, एकेक आकडा, आणि वळण्यातही जोर खर्च होतो. इंजिन निकामी झालं तरी यान थांबत नाही, सतरंजीच्या काठापलीकडं निघून जातं. न्यूटनचा पहिला नियम मुलं आता भांडताना वापरतात.

एका आईनं विचारलं होतं, "सर, लढायचे खेळ कशाला शिकवायलात लेकरायला?" प्रश्न रास्त आहे. एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यालाही हा प्रश्न पडला होता. असा डाव खेळून बघितला की खरं युद्ध किती भोंगळ असतं ते कळतं, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा पुस्तकाचा उपयोग किती झाला ते दिसतंच. मी त्या बाईंना एवढंच म्हणालो, की आठवडाभर खपून केलेलं यान मूल सहजासहजी लढाईत लोटत नाही. आमचे निम्मे डाव तहावरच संपतात.

रंगाचं राहिलंच. वेगवेगळ्या रंगांचे तुकडे एकाच राखाडी प्रायमरनं रंगवले की टोपण टोपण राहत नाही, सगळं मिळून एक यान होतं. थर्माकोलवर मात्र स्प्रे मारू नका, ते विरघळतं. एका मुलीनं वसमतच्या हळदीनं पट्टे काढले. उन्हात आठवड्यात उडाले. तिनं मग हळदीत चुना कालवला. लाल पट्टे झाले, तेही किती टिकतात ते आम्ही खिडकीत ठेवून बघतो आहोत. करून बघायचं असेल तर पहिल्या यानाला एक संपलेला पेन, दोन टोपणं, चार ड्रिपर आणि तुटका कंगवा पुरतो.