पदवी, पान आणि पाना

सन्माननीय अध्यक्ष, टेक्निकल रायटिंगमधली जुनीजाणती मंडळी आणि शिक्षकी, बँक, कारखाना सोडून या वाटेला लागलेले नवे लोक, स्वागत समितीतर्फे सर्वांचे नागपुरात मनापासून स्वागत.

'या कामाला कोर्स लागतोच का?' हा प्रश्न सकाळी नोंदणीच्या टेबलापाशीच सुरू झाला. तो विचारायला नागपूर बरे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाची कंपनी याच शहरात उभी केली. केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे पीएच.डी.; पण शेअर खपवणे, वर्गणीदार गाठणे, लेखकांच्या मागे लागून मजकूर काढून घेणे यांतले काहीच त्या पदवीत नव्हते. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी यांची गोष्ट उलटी. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले शास्त्रीबुवा १९२३ साली तर्कतीर्थ झाले, आणि त्यांच्या देखरेखीखाली १९७६ पासून निघालेल्या खंडांत अभियांत्रिकीपासून वैद्यकापर्यंत सगळे आले. मात्र त्या-त्या विषयाचे जाणकार त्यांनी सोबत घेतले. घरबसल्या शिकणारा नेमका इथेच कमी पडतो: त्याचे लिखाण तपासायला कोणी नसते.

शेजारच्या माणसाची गरज आणखी एका ठिकाणी दिसते. आपल्या नागपूरच्या मिहान प्रकल्पात विमानदुरुस्तीचे केंद्र आहे. विमानाच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश'चे नियम आहेत. कृती सांगणारे वाक्य वीस शब्दांच्या आत, एका वाक्यात शक्यतो एकच कृती, आणि धोक्याची सूचना कृतीच्या आधी. नळी सोडवून झाल्यावर 'आधी दाब काढा' असे वाचून काय उपयोग? हे नियम मागवले तर फुकट मिळतात, घरी पाठही होतात. पण हातात पाना घेतलेला माणूस आपल्या वाक्यापाशी कुठे थबकतो, ते त्याच्या शेजारी उभे राहूनच कळते.

प्रमाणपत्र टाकाऊ नाही. अर्जांच्या गठ्ठ्यातून नाव वर यायला त्याची मदत होते, विशेषतः चाळिशीत क्षेत्र बदलणाऱ्याला. तरी त्यावर किती विसंबायचे? या व्यवसायाचे प्रमाणपत्र देणारी अमेरिकेतली जुनी संस्था, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, २०२५ च्या जानेवारीत बंद पडली. कागद भिंतीवर आहेत, देणारे घर उठले.

म्हणून दुपारच्या सत्रात व्याख्यान नाही. प्रत्येकाने आपले एक पान शेजाऱ्याला द्यायचे आणि तो त्याप्रमाणे काम करताना गप्प बसायचे. त्याआधी जेवण. रस्सा सावजी आहे. धोक्याची सूचना आधीच दिलेली बरी.