लसूण, करडई आणि कोलेस्टेरॉल

श्रोतेहो, ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी आणि तीवर करडईच्या तेलाची धार हे जेवण नांदेड-लातूरकडच्या तुम्हां मंडळींना नवे नाही. लसूण ठेचला की त्यात अ‍ॅलिसिन तयार होते. उग्र दर्प त्याचाच. त्याने कोलेस्टेरॉल उतरते म्हणून काही जण अनशापोटी पाकळ्या चावतात. चावा बापडे! पण त्या भरवशावर डॉक्टरांची गोळी सोडतात, तेव्हा भीती वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १९२ माणसांपैकी बहुतेकांना सहा महिने लसूण दिला, कुणाला कच्चा, कुणाला गोळ्यांतून. वाईट कोलेस्टेरॉल काही हलले नाही. इतर काही चाचण्यांत थोडे उतरले, इतकेच. चटणीवरच्या त्या धारेकडे मात्र कुणी बघत नाही. आपल्या जुन्या करडईच्या तेलात सुमारे पाऊण हिस्सा लिनोलिक आम्ल असते, आणि तूप-वनस्पतीच्या जागी ते वापरले, तर हेच वाईट कोलेस्टेरॉल खाली येते.