चिठ्ठी देऊन भागत नाही



पुरुष दवाखान्यात वेळेवर येत नाहीत, दुखणं अंगावर काढतात आणि शेवटी घरच्यांना रिक्षा शोधायला लावतात, ही तक्रार आपण सगळे करतो. डॉक्टर करतात, बायका करतात, मुली करतात. तक्रार खोटी नाही. पण तिच्यातून आपण जो निष्कर्ष काढतो, की पुरुष मुळातच बेफिकीर असतात, तो मला मान्य नाही. का मान्य नाही, हे सांगण्यासाठी मी आज आपल्याला लॉस एंजेलिस शहरातल्या सलूनमध्ये घेऊन जाणार आहे.

अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये रक्तदाबाचा विकार जास्त आढळतो, लवकरच्या वयात सुरू होतो आणि त्यातून येणारे पक्षाघात, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार त्यांना जास्त संख्येने गाठतात. तरीही हे पुरुष डॉक्टरकडे फारसे फिरकत नसत. याला इतिहास आहे. 1932 साली अमेरिकन सरकारच्या आरोग्यसेवेने अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यातल्या 399 जणांना उपदंश होता. त्यांना खरा आजार सांगितला नाही. तुमच्या ‘दूषित रक्तावर’ उपचार चालू आहेत, असं सांगत राहिले. पुढे पेनिसिलिन आलं, या आजारावरचं हमखास औषध ठरलं, तरी या माणसांना ते दिलं नाही. आजार वाढत जाऊन शरीराचं काय होतं, एवढंच पाहायचं होतं. हे चाळीस वर्षं चाललं. 1972 मध्ये वर्तमानपत्रांतून प्रकरण उघड झालं तेव्हा कुठे ते थांबलं. ज्या समाजाच्या वडीलधाऱ्यांच्या वाट्याला हे आलं, त्या समाजातल्या तरुणाने पांढरा कोट पाहून पाऊल मागे घेतलं, तर त्याला बेफिकीर कसं म्हणायचं?

हृदयरोगतज्ज्ञ रोनाल्ड व्हिक्टर यांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाताळला. हा माणूस कुठे जात नाही, याऐवजी तो कुठे नेमाने जातो, हे त्यांनी पाहिलं. तो सलूनमध्ये जातो. दर दोन-चार आठवड्यांनी जातो, वर्षानुवर्षं एकाच दुकानात जातो. तिथला कारागीर त्याला चांगला ओळखतो. घरचं, नोकरीचं, राजकारणाचं सगळं बोलणं तिथे होतं.

व्हिक्टर यांचा पहिला प्रयोग डॅलस शहरातला. सलूनवाल्यांना रक्तदाब मोजायला शिकवलं आणि दाब जास्त असलेल्या गिऱ्हाइकांना डॉक्टरकडे जाण्याचा आग्रह करायला सांगितलं. फायदा झाला, पण माफक. मग लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. तिथली 52 दुकानं निवडली आणि दाब वाढलेली 319 नेहमीची गिऱ्हाइकं सहभागी करून घेतली. दुकानांचे दोन गट पाडले. एका गटात सलूनवाल्याने समजावायचं: मीठ कमी कर, चाल, डॉक्टरला भेट. दुसऱ्या गटात प्रशिक्षित औषधतज्ज्ञ स्वतः दुकानात येत. डॉक्टरांशी आधीच करार केलेला असल्यामुळे ते तिथल्या तिथे दाब मोजून औषध ठरवत, मात्रा वाढवत, रक्ताची तपासणी करत आणि गिऱ्हाइकाच्या डॉक्टरांना कळवत. औषधांच्या आणि येण्याजाण्याच्या खर्चापोटी सहभागी माणसाला थोडी रक्कमही मिळे.

2018 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत वरचा दाब सुरुवातीला सरासरी 153 ते 155 च्या आसपास होता. सहा महिन्यांनी, नुसतं समजावलेल्या गटात तो सरासरी 9.3 ने उतरला. औषधतज्ज्ञ खुर्चीपाशी आले त्या गटात 27 ने उतरला. दाब 130/80 च्या खाली आलेले पहिल्या गटात शंभरातले बारासुद्धा नव्हते. दुसऱ्यात जवळपास चौसष्ट होते. वर्ष उलटल्यावरही हा फरक टिकून होता. वरचा दाब 10 ने कमी झाला तर हृदयविकार आणि पक्षाघातासारखे मोठे धोके साधारण पाचव्या हिश्शाने घटतात, हे लाखो रुग्णांच्या एकत्रित अभ्यासांतून माहीत आहे. त्या मापाने 27 हा आकडा पाहा. निकाल आले त्याच वर्षी व्हिक्टर यांचं निधन झालं.

दोन्ही गटांतली माणसं एकाच शहरातली, एकाच समाजातली, सारख्याच सवयींची होती. स्वभाव कुणाचाच बदलला नव्हता. एका गटाला सल्ला मिळाला आणि दुसऱ्याला उपचार मिळाला. सल्ल्याला किंमत नाही असं मी म्हणत नाही. विश्वासातल्या माणसाच्या शब्दाने दाब नऊने उतरतो, हेही थोडं नाही. पण उरलेला मोठा टप्पा माणसाने स्वतः चालून यावं, ही अपेक्षा आपण त्याच्यावर टाकतो, आणि तिथेच तो गळतो.

आता आपल्याकडे या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत, देशातल्या 15 वर्षांवरच्या पुरुषांपैकी 24 टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला किंवा त्यासाठी गोळ्या चालू असलेला आढळला. स्त्रियांमध्ये हे प्रमाण 21 टक्के. म्हणजे गरज पुरुषांना कमी आहे असं नाही. पण आपली गावपातळीवरची आरोग्यव्यवस्था आई आणि बाळ यांच्याभोवती उभी राहिली. ते योग्यच झालं. त्यामुळे कितीतरी जीव वाचले. आशाताई दुपारी घरी येते तेव्हा पुरुष शेतावर, कारखान्यात, गवंड्याच्या हाताखाली किंवा टेम्पोवर असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातली तपासणी मुख्यतः सकाळची. रोजंदारीवरच्या माणसाला ती गाठायची तर खाडा पडतो. काहीही दुखत नसताना एक दिवसाची मजुरी सोडून रांगेत उभं राहा, असं आपण त्याला सांगतो. ऊसतोडणीला गेलेल्या कुटुंबाचं तर गावच सहा महिने हातातून सुटतं. गोळ्यांचं कार्ड एका तालुक्यात आणि माणूस दुसऱ्याच जिल्ह्यातल्या फडावर. पगारी रजा असलेला माणूस आणि हातावर पोट असलेला माणूस, दोघांच्या तब्येतीतली दरी इथून रुंदावत जाते.

आणि आपली शिबिरं. मी शिबिरांत पुष्कळ बसलो आहे आणि ती भरवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. पण मंडपात दाब मोजतात, 170 भरतो, हातात चिठ्ठी देतात, ‘सरकारी दवाखान्यात दाखवा’ म्हणतात. चिठ्ठी खिशात जाते आणि खिशातच राहते. ‘गोळी एकदा लागली की जन्माची लागते’ ही भीती मनात असतेच. तिला उत्तर द्यायला महिन्याने पुन्हा कोणी भेटत नाही. डॅलसमध्ये दिसलं तेच इथे होतं, किंबहुना त्याहून कमी, कारण शिबिरातला माणूस तर अनोळखी असतो.

लॉस एंजेलिसचा प्रयोग जसाच्या तसा उचलता येणार नाही. आपल्याकडे औषधविक्रेत्याला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही, आणि तो सैल करावा असं माझं मत नाही. पण आपल्याकडे उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, त्यांना ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून डॉक्टरांशी बोलता येतं, आणि रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळ्या सरकारी यंत्रणेत आहेत. सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे तर देशातल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सुरुवातीपासून आहेत. ठरलेल्या औषधयोजनेने, एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या देऊन हे काम चालवता येतं, याचा अनुभव आपल्याच माणसांकडे आहे. कमी आहे ती जागेची आणि वेळेची निवड. आरोग्य अधिकाऱ्याने महिन्यातून दोन संध्याकाळी गावातल्या सलूनमध्ये, दूध संकलन केंद्रावर, एसटीच्या आगारात बसायचं, आणि त्या वेळेबद्दल त्यांना सकाळी सवलत द्यायची. हे जास्तीचं काम त्यांच्या माथी फुकट मारू नये, हे मी मुद्दाम सांगतो. सलूनवाल्यालाही मानधन हवं. त्याचा वेळ आणि त्याने कमावलेला विश्वास आपण वापरणार आहोत.

या सभागृहात गणेशोत्सव मंडळांचे पदाधिकारी आहेत, पतसंस्थांचे आणि ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत. यंदा शिबिर घ्याल तेव्हा आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जा आणि दाब जास्त निघालेल्या माणसाला त्याच मंडपात डॉक्टर तपासून गोळ्या सुरू करतील का, हे विचारून घ्या. किती जणांना तपासलं याची संख्या फलकावर लिहू नका. एक वही करा. दाब वाढलेल्या प्रत्येकाचं नाव त्याच्या संमतीने लिहा, वही चव्हाट्यावर न ठेवता एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा, आणि पुढच्या महिन्याची तारीख, जागा, संध्याकाळची वेळ त्याच दिवशी ठरवा. त्या तारखेला वहीतले किती जण आले ते मोजा. जे आले नाहीत त्यांच्याकडे, त्यांना ओळखणाऱ्या माणसाला पाठवा.