शेजार आणि सोयरीक

निरनिराळ्या जातींचे, धर्मांचे आणि भाषांचे लोक एका शहरात पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदू लागले म्हणजे त्यांच्या मनांतील परस्परांविषयीची अढी आपोआप विरून जाते, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ओळख वाढली की गैरसमज कमी होतात, हा तिचा आधार. ही समजूत पूर्णपणे खरी असती तर कोल्हापुरासारख्या शहरातून भेदभावाचे नाव केव्हाच पुसले जावयास हवे होते. अंबाबाईच्या देवळाभोवती वसलेल्या या जुन्या क्षेत्रात मराठे, ब्राह्मण, जैन, लिंगायत, मुसलमान आणि नाना प्रकारचे कारागीर एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत आले. १८५२ साली तेथे अमेरिकन मिशनरी आले. १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसली आणि गुळाच्या व्यापाराने दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ओढून आणले. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. इतके असूनही भाड्याने खोली मागावयास आलेल्या माणसाला भाड्याच्या आकड्याआधी आडनाव विचारले जाते, हा अनुभव कोल्हापुरात काय किंवा महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही शहरात काय, दुर्मीळ नाही. पाश्चात्त्य देशांत जे काम कातडीचा रंग करतो, ते येथे आडनाव करते. असे का व्हावे, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

परक्याची भीती हे या अढीचे कारण म्हणून पुष्कळदा पुढे केले जाते. माणूस अनोळखी गोष्टीला बिचकतो. तेव्हा वेगळा पोशाख, वेगळे अन्न, वेगळी भाषा पाहून तो दूर सरतो, असे सांगतात. या कारणाची परीक्षा कोल्हापूरच्याच इतिहासात झालेली आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या हद्दीतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून १९४८ पर्यंत शहरालगतच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांत स्त्रिया आणि मुले यांचाच भरणा अधिक. त्यांचा वर्ण निराळा, धर्म निराळा, भाषेचा एक शब्दही कोणास कळण्यासारखा नाही. अनोळखीपणा हेच अढीचे मूळ असते तर याहून अधिक अनोळखी मंडळी मिळणे कठीण होते. प्रत्यक्षात तेथे त्यांच्या शाळा चालल्या, प्रार्थनामंदिर उभे राहिले, आणि मायदेशी किंवा अन्यत्र गेल्यावरही त्या लोकांनी कोल्हापूरची आठवण इतकी जपली की वॉर्सा शहरात या नगरीच्या नावाचे स्मारक उभे आहे. त्याच वळिवड्याच्या छावणीत पुढे सिंधी निर्वासित आले, आणि आजची गांधीनगरची कापडाची पेठ त्यांनी नावारूपास आणली.

याच्या उलट एक उदाहरण घ्यावे. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीस होते. ते परके नव्हते. त्यांची भाषा तीच, गाव तेच, धनी तोच, काम तेच. सवर्ण नोकरांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला त्यांनी हात लावला, एवढ्याच कारणावरून त्यांना बेदम मार बसला. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या पाहुण्यांना ज्या परिसराने सामावून घेतले, त्याच परिसरात रोजच्या ओळखीच्या माणसाला घोटभर पाणी मिळू नये, यातील मर्म ध्यानी घेण्यासारखे आहे. पोलिश निर्वासित कोणाच्याही पायरीवर हक्क सांगत नव्हते. ते उतरंडीच्या बाहेरचे होते. गंगाराम कांबळे यांनी मात्र हौदाला हात लावून स्वतःला नेमून दिलेली पायरी ओलांडली. तात्पर्य, अढीचे मूळ अपरिचयात नसून पायरीच्या कल्पनेत आहे. ज्याला खालचा मानावयाचे ठरले आहे, त्याची ओळख कितीही वाढली तरी ती ओळख खालच्या माणसाची ओळख म्हणूनच वाढते.

कोल्हापुरी चप्पल हे याचे बोलके उदाहरण होय. या चपलेचा शहराला सार्थ अभिमान आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात तशाच घाटाची पादत्राणे मांडली आणि मूळ कारागिरांचा उल्लेख केला नाही, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात संताप उसळला. तो संताप योग्यच होता. परंतु ज्या हातांनी चामडे कमावले आणि वादी वळली, त्या हातांचे पाणी या समाजाने किती पिढ्या वर्ज्य मानले, हाही प्रश्न त्याच वेळी विचारला जावयास हवा होता. वस्तूचा गौरव आणि ती घडविणाऱ्याची अवहेलना ही दोन्ही एकाच शहरात, एकाच काळात सुखाने नांदू शकतात.

हे शक्य होते याचे कारण असे की, शहरातील बहुतेक गाठीभेटी पेठेतल्या असतात. पेठेत गिऱ्हाईक आणि दुकानदार, कचेरीत अर्जदार आणि कारकून, एस.टी.त एका बाकावरचे दोन उतारू, एवढेच नाते असते. त्या नात्याला सभ्यपणा पुरतो, समता लागत नाही. खरी कसोटी उंबरठ्याच्या आत लागते : पंगतीला कोण बसतो, घर कोणास भाड्याने दिले जाते, सोयरीक कोणाशी होते. २०११-१२ साली देशभर झालेल्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपल्या घरी कोणत्या ना कोणत्या रूपाने अस्पृश्यता पाळली जाते असे स्वतःच्या तोंडाने सांगितले. आंतरजातीय विवाहांचे प्रमाण त्याच पाहणीत सुमारे ५ टक्के आढळले. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केल्याला तेव्हा साठांहून अधिक वर्षे लोटली होती.

शिवाय अढी ही केवळ मनाची वृत्ती नव्हे. तिच्यापासून लाभही होतो. नोकरी रिकामी झाली की ती बातमी प्रथम भाऊबंदांच्या कानी जाते. असे करणाऱ्याच्या मनात कोणाविषयी द्वेष असतोच असे नाही. तो फक्त आपल्या माणसाचे भले करीत असतो. परंतु प्रत्येकाने आपल्याच माणसाचे भले केले, तर ज्यांच्या माणसांपाशी देण्यासारखे काही नाही ते कायमचे दाराबाहेर राहतात. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे, पण निरनिराळ्या आडनावांचे अर्ज पाठविण्यात आले होते. दलित आणि मुसलमान नावांच्या अर्जदारांना उच्चवर्णीय नावांच्या मानाने कमी बोलावणी आली. अर्ज पाहणाऱ्यांनी त्यांपैकी एकाही माणसाचे तोंड पाहिले नव्हते. त्यांनी फक्त नाव वाचले होते.

ही गोष्ट शाहू महाराजांनी फार पूर्वी ओळखली होती. १८९४ साली ते गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागा एकट्या ब्राह्मणांकडे होत्या. १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह निघाले. परंतु दार सर्वांना उघडे असूनही व्यवहारात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेच उरले. हा अनुभव लक्षात घेऊन महाराजांनी १९०१ पासून मराठे, जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजाची निराळी वसतिगृहे उभी करविली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या गेल्या. जातिभेद मोडावयास निघालेल्या राजाने जातवार वसतिगृहे काढावीत, ही विसंगती वरवर पाहणाऱ्यास खटकते. परंतु ज्याला एकत्र पंगतीत कधी जागाच मिळत नाही, त्याला आधी स्वतःच्या पायावर उभे करणे प्राप्त असते. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम निघाला, आणि त्याच वर्षी आंतरजातीय विवाहाला कायद्याचे संरक्षण मिळाले. निराळी वसतिगृहे हा जिना होता. वरचा मजला एकत्र राहण्याचा होता. पुढील पिढ्यांपैकी अनेकांना जिन्याचीच गोडी लागली, आणि जी व्यवस्था शिकण्यासाठी होती तिच्या भोवती जातीचे मेळावे व वधूवर सूचक मंडळे यांची दाटी झाली, हा दोष जिना बांधणाऱ्याचा म्हणता येणार नाही.

मग ओळखीने अढी कधीच जात नाही काय ? जाते, पण त्या ओळखीला काही अटी असतात. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्या सांगितल्या आहेत : भेटणारे समान पायरीवर असावेत, त्यांचे उद्दिष्ट एक असावे, ते साधण्यास दोघांनाही एकमेकांची गरज असावी, आणि ज्यांचा अधिकार मानला जातो अशांचा त्या भेटीला उघड पाठिंबा असावा. यांतील पहिली आणि शेवटची अट कोल्हापुरात त्या ग्रंथापूर्वी तीन दशकांहून अधिक काळ आधी पुरी झाली होती. मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना महाराजांनी चहाचे दुकान घालून दिले. तेथे कोणी फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यासह तेथे थांबून चहा घेऊ लागले. बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो घेणे भाग पडले. हौदाला हात लावल्याबद्दल ज्यांना मारहाण झाली, त्यांच्याच हातचा चहा छत्रपतींनी भररस्त्यावर घ्यावा, याचा परिणाम शंभर व्याख्यानांनी झाला नसता.

उरलेल्या दोन अटींची उदाहरणेही या भागात आहेत. तालमीच्या मातीत जोड लागते ती ताकदीची आणि डावांची. तेथे वस्ताद घराणे विचारीत बसला तर पैलवान तयार होणार नाहीत. जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे गणेशोत्सवात मशिदींतून गणपती बसविण्याची प्रथा आहे, आणि तो उत्सव पार पाडावयाचा तर दोन्ही समाजांना खांद्याला खांदा लावावाच लागतो. अशा ठिकाणी माणूस दुसऱ्याला भला माणूस म्हणून ओळखतो, आणि ती ओळख पुढे अफवेच्या दिवशी उपयोगी पडते. जून २०२३ मध्ये मोबाइलवरील काही मजकुरावरून कोल्हापुरात जो क्षोभ उसळला, त्याने हेच दाखवून दिले की पेठेतली शंभर वर्षांची ओळख एका दुपारी पातळ होऊ शकते.

कायद्याने पुष्कळ केले आहे. पाणवठे, शाळा आणि देवळे त्याने खुली केली; डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. परंतु कायदा उंबरठ्यापर्यंत येऊन थांबतो. त्याने थांबावे हेच योग्यही आहे. उंबरठ्याच्या आतला कारभार गृहस्थाचा आणि गृहिणीचा असतो. मोलकरणीचा कप निराळा का ठेवला आहे, खोलीसाठी आलेल्या मुलाला आडनाव कशासाठी विचारले, लेकीने निवडलेल्या मुलात जातीखेरीज कोणते उणे आहे, या प्रश्नांची उत्तरे कोणतेही न्यायालय मागत नाही. मुले मात्र ती रोज ऐकत असतात. घरात बोलला न गेलेला नियमही त्यांना बरोबर कळतो, आणि शहराची पुढची पिढी तो नियम घेऊनच पेठेत उतरते. म्हणून कोल्हापूरसारख्या शहराने आपल्या विविधतेचा अभिमान जरूर बाळगावा. पण तो बाळगताना गेल्या वर्षभरात आपल्या पंगतीला कोणकोण बसले, याची मोजदादही प्रत्येक घराने एकदा करावी.