एका वेळी एकच नळ
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू नेमकं काय करतेस गं?" असं सकाळपासून सातआठ जणांनी विचारलं. मी कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते. अमुक झडप इतकी उघडली तर तमुक तापमान किती बदलेल आणि किती वेळाने, हे आधी मोजमापांवरून शोधावं लागतं. त्या गणिताला आम्ही मॉडेल म्हणतो.

आंघोळीचे दोन नळ आठवा. पाणी कोमट हवं आणि धारही बरी हवी. गरम नळ वाढवला की दोन्ही बदलतात, गार वाढवला तरी दोन्ही. गीझर लांब असला तर गरम पाणी उशिरा येतं, तोवर आपण घाईने नळ आणखी सोडतो आणि मग पाय पोळतात!

आमच्या पुस्तकांत वुड आणि बेरी यांचं १९७३ सालचं उदाहरण हमखास असतं. मिथेनॉल आणि पाणी वेगळं करणारा ऊर्ध्वपातनाचा कॉलम. वरून परत सोडलेला द्रव आणि खालची वाफ हे दोन नळ. वरच्या आणि खालच्या मालाची शुद्धता ही दोन उत्तरं. म्हणजे नाती चार. त्यांच्या मॉडेलमध्ये वरचा द्रव बदलला की वरच्या टोकाला परिणाम एका मिनिटाने सुरू होतो, खालच्या टोकाला सात मिनिटांनी.

नोकरीच्या सुरुवातीला अशाच एका कॉलमचं काम माझ्याकडे आलं. चालू उत्पादनात ढवळाढवळ नको, म्हणून मी कित्येक महिन्यांच्या जुन्या नोंदी घेतल्या. मॉडेल त्या नोंदींशी सुरेख जुळलं. प्रोग्रॅम सुरू केला आणि खालचं तापमान घसरायला लागलं, तर माझा प्रोग्रॅम वाफ आणखी कमी करू लागला! ऑपरेटर काकांनी तो बंद करून झडप स्वतःच्या हातात घेतली. तोवर माल बिघडला होता.

काका म्हणाले, "ताई, तापमान पडायला लागलं की वाफ मीच वाढवतो ना!" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नोंदींत जास्त वाफ आणि कमी तापमान कायम जोडीने दिसत होतं. मॉडेल काकांचा हात शिकलं होतं, कॉलम शिकलंच नव्हतं.

मग रीतसर परवानगी काढली. काकांनी बाकी सगळं स्थिर ठेवलं. आम्ही एकच झडप थोडी हलवली, सगळं शांत होईपर्यंत थांबलो, मग दुसरी. आता दोन्ही झडपा एकदम हलवण्याच्याही पद्धती आहेत. पण त्यांच्या हालचाली एकमेकींपासून स्वतंत्र ठेवाव्या लागतात, नाहीतर कुणामुळे काय झालं ते कळत नाही.

आठवीत लंबकाच्या प्रयोगात मी दोरी आणि गोळा दोन्ही एकदम बदलले होते. आपल्या विज्ञानाच्या बाईंनी माझ्या वहीवर लाल रेघ मारली आणि म्हणाल्या, "एका वेळी एकच गोष्ट बदल." मी तोंड फुगवून प्रयोग पुन्हा केला होता.

बाई, आज तुम्ही समोर बसला आहात. तो प्रयोग मी नोकरीत तिसऱ्यांदा केला. या वेळी बरोबर आला.