आधी चिंधीवर, मग पिशवीवर
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)

आजच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘उपजीविका आढावा’ लिहिलंय. तो करणारच आहे. पण त्याआधी पिशव्यांची गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि त्यात चूक माझी आहे.

दिवाळीआधी आपल्या एका गटाला 40 कापडी पिशव्यांची ऑर्डर मिळाली. वर वारली चित्रं हवी होती. गटातल्या एका ताईंचा हात चांगला. घरची भिंत असो, शेजारणीची असो, त्यांना बोलावणं येतंच. पण कापडावर त्यांनी कधी काढलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, “मॅडम, कापडाला रंग कुठला घेऊ?” मी लगेच म्हटलं, “पोस्टर कलर घ्या, शाळेतली मुलं वापरतात, स्वस्त पडतो.” माझ्याकडे पदवी समाजकार्याची आहे, रंगाची नाही. ‘मला माहीत नाही’ एवढं म्हणायला काय झालं होतं, देव जाणे.

पिशव्या दिसायला देखण्या झाल्या. तारपावाला, त्याच्याभोवती नाचाचा फेर. दुकानदाराने घेतल्या. पंधरा दिवसांनी त्याचा फोन. एका गिऱ्हाइकाने पिशवी धुतली आणि अख्खा नाच बादलीत उतरला. 9 विकल्या होत्या, 31 परत आल्या. गटाच्या बैठकीत बोलणी बसली ती त्या ताईंना. “जमत नव्हतं तर ऑर्डर घ्यायची कशाला?” मी तिथेच सतरंजीवर बसले होते. गप्प बसले.

त्या ताई भांडल्या नाहीत. घरी गेल्या आणि चिंध्या काढल्या. जुना गणवेश, परकराचं कापड, कोऱ्या मांजरपाटाचे तुकडे. प्रत्येक तुकड्यावर एकच बाई काढायची, दोन त्रिकोणांची, आणि कोपऱ्यात बॉलपेनने रंगाचं नाव. दोन दिवस वाळवायचं, मग साबण लावून धुवायचं. पोरांना वाटलं आई खेळतेय. घरातलेही हसले.

काय निघालं ते ऐका, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणी पिशव्या, रुमाल, पडदे करायचं म्हणताय.

तांदळाचं पीठ आणि डिंक पहिल्या धुण्यात गेलं. पोस्टर कलर तसाच, कारण त्यातही रंग धरून ठेवतो तो गोंदच, आणि तो पाण्यात विरघळतो. मग पिठात सुतारकामाचा पांढरा गोंद घातला. रंग टिकला, पण कापड पापडासारखं कडक झालं आणि घडीवर तडकलं. ॲक्रिलिक वाळल्यावर पाण्याने जात नाही, पण जाड लावला तर कडक होतो आणि पातळ केला तर गेरूच्या रंगाच्या कापडावर पांढरा दिसतच नाही. शिवाय ब्रश लगेच धुतला नाही तर तो कायमचा गेला, एक गेलाच. शेवटी कापडाचा रंग, ज्याला दुकानात फॅब्रिक कलर म्हणतात, तो आणला. पांढऱ्याचे दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा. पूर्ण वाळलं की उलट्या बाजूने इस्त्री. हा तुकडा सहा वेळा धुतलाय.

तरी एक तुकडा फसला. रंग तोच, हात तोच, आणि कडेने पोपडे. दोन दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, तो मांजरपाट कोरा होता, त्याची खळ काढलीच नव्हती. रंग कापडावर नाही, खळीवर बसला होता. म्हणून आधी कापड धुवा. ही एक गोष्ट कळली असती तरी पुढचा अर्धा त्रास वाचला असता.

बांबूची काडी, जिचं टोक आपण चावून मऊ करतो, ती कापडाच्या धाग्यात अडकते. त्यांनी बारीक ब्रश घेतला, मग मेंदीचा रिकामा कोन. कोनाची रेघ उठावदार येते, मला आवडली. गटातल्या आजी म्हणाल्या, “ही रेघ नाही, शेवई आहे.” तो वाद अजून मिटलेला नाही.

काही जणी म्हणतात, पीठ सोडलं म्हणजे आपलं सोडलं. मला तसं वाटत नाही. कुडाच्या भिंतीवर पीठ चालतं कारण भिंत कोणी बादलीत बुडवत नाही, आणि पुढच्या लग्नात ती पुन्हा सारवली जाते. पिशवी दर आठवड्याला धुतली जाते. कागदसुद्धा एके काळी नवाच होता. 1970 नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी डहाणूकडे आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी त्यावर चित्रं काढली. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्याआधी लग्नाचा चौक लिहायच्या त्या सवाष्णी. कागदावर मात्र नाव झालं ते जास्त करून पुरुषांचं. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही... थोडा आहे.

आता पैशाचं. या सगळ्याला 340 रुपये लागले, ते त्या ताईंनी अंड्यांच्या पैशांतून घातले. मागच्या बैठकीत मी उभी राहिले आणि पोस्टर कलर मी सांगितला होता हे कबूल केलं. उशीर झाला, पण केलं. मग 340 रुपये गटाने द्यावेत का यावर दोन तास गेले. कोषाध्यक्ष ताई म्हणाल्या, खेळायला पैसे द्यायचं खातंच नाही आपल्या वहीत. शेवटी ‘नमुना खर्च’ असं नवं पान उघडलं आणि पैसे दिले. एका मावशींनी सही करताना तोंड वाकडं केलंच.

दुकानदाराने 10 पिशव्या नमुन्याला मागितल्यात, पैसे महिनाभराने, पिशव्या धुऊन बघून. परत आलेल्या 31 ताईंनी धुऊन कोऱ्या केल्यात.

चिंध्या मी आणल्यात, मागे दोरीवर लावल्यात. चहाच्या वेळेला हात लावून बघा, घडी घालून बघा. ज्यांना पणत्यांवर आणि सुपांवर काढायचंय त्यांनी फुटकी पणती, तुटकं सूप पुढच्या सभेला घेऊन या. त्याला कुठला रंग धरतो ते मला माहीत नाही. ताई येणार आहेत.